मॅकेनाचं सोनं आणि आमची आळी

आमच्या आळीत इंग्रजी समजणारी माणसं तीन, आणि ‘मॅकेनाज गोल्ड’ पाहिलेली माणसं निदान तीनशे. त्या तिघांत एक वकील, एक पोस्टमास्तर आणि एक हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवणारे मास्तर. ‘चित्रपट नीटसा कळला नाही’ अशी तक्रार आळीत फक्त या तिघांनी केली. संवाद ऐकत बसले बिचारे! बाकीच्या दोनशे सत्त्याण्णवांना तो पहिल्याच खेळात आरपार कळला होता. एका माणसाच्या डोक्यात नकाशा आहे, बाकीच्यांना सोनं हवं आहे, आणि म्हणून त्या डोक्यात कोणी गोळी घालत नाही. एवढं कळायला व्याकरण कशाला लागतं?

जगाच्या चित्रपट-इतिहासात या चित्रपटाला कोणी पाटावर बसवून ओवाळलेलं नाही. १९६९ साली तो अमेरिकेत लागला, समीक्षकांनी त्याला झोडपला, आणि झालेल्या खर्चाच्या मानाने तिथे गल्लाही जमला नाही. वास्तविक मंडळी काही ऐरीगैरी नव्हती. लेखक-निर्माता कार्ल फोरमन म्हणजे ‘हाय नून’ लिहिणारा माणूस. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडने त्याला वाळीत टाकलं, तेव्हा तो इंग्लंडात जाऊन राहिला होता. दिग्दर्शक जे. ली थॉम्पसन. या दोघांनी ग्रेगरी पेकला हाताशी धरून १९६१ साली ‘गन्स ऑफ नॅव्हरोन’ काढला होता आणि तो जगभर धो-धो चालला होता. तेव्हा तीच पंगत पुन्हा बसवायची असं ठरलं असावं. दुसरे निर्माते दिमित्री टिओमकिन, पेशाने नामांकित संगीतकार. पण या चित्रपटाचं संगीत मात्र क्विन्सी जोन्स यांनी दिलं. म्हणजे आचाऱ्याने मांडव घालावा आणि स्वयंपाकाला दुसऱ्याला बोलवावं, तसला प्रकार.

बेत होता तीन तासांचा, मध्यंतरासकट, अवाढव्य पडद्यावर दाखवण्याचा. पुढे कात्री चालली आणि चित्रपट सव्वादोन तासांच्या आत आला. त्यामुळे काय झालं, तर ईलाय वॉलॅक, अँथनी क्वेल, ली जे. कॉब, रेमंड मॅसी, बर्जेस मेरेडिथ असे एकेक मातब्बर नट सोन्याच्या वासाने गावातून घोड्यावर बसून येतात आणि थोड्याच वेळात सरकारी फौजेच्या गोळ्यांना बळी पडतात. लग्नाला प्रतिष्ठित पाहुणे बोलवावेत, त्यांना जरीचे फेटे बांधावेत, आणि वरणभात वाढताच हात धुवायला पाठवावं! त्यातल्या त्यात एडवर्ड जी. रॉबिन्सनला एक प्रवेश पोटभर मिळाला आहे. तो झालाय आंधळा म्हातारा ॲडम्स. ते सोनं डोळ्यांनी पाहिलेला एकुलता एक गोरा माणूस, आणि ते पाहिल्याबद्दल अपाचींनी त्याचे डोळे काढून घेतलेले. शेकोटीजवळ बसून तो ती हकिकत सांगतो तेव्हा पिटातले शेंगा फोडणारे हातसुद्धा थांबत.

हा ॲडम्स हवेतून आलेला नाही. अमेरिकेच्या नैऋत्य भागात ‘ॲडम्सची हरवलेली खाण’ अशी एक जुनी दंतकथा आहे. १८६० नंतरच्या दशकात ॲडम्स नावाच्या माणसाला आणि त्याच्या सोबत्यांना एका दरीत अमाप सोनं सापडलं, अपाचींनी बहुतेकांना मारलं, ॲडम्स वाचला, आणि मग उरलेलं आयुष्य तीच दरी शोधत हिंडला. सापडली नाही. त्याच्यानंतर शेकडो लोक हिंडले, त्यांनाही सापडली नाही. जे. फ्रँक डोबी यांनी १९३९ साली ती कथा पुस्तकात नोंदवली आणि विल हेन्री या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाने १९६३ साली तिच्यावर कादंबरी लिहिली. तीच पुढे पडद्यावर आली. १९६३ हे साल वाचकांनी कृपया लक्षात ठेवावं. त्या सालाशी मला नंतर काम आहे.

तर असा हा घरच्यांनी टाकलेला चित्रपट आपल्याकडे आला आणि घरजावयासारखा राहिला. एकदा लागून गेला असं झालंच नाही. तो गेला की परत येई. मॅटिनीला येई, सुट्टीत येई, नवा चित्रपट पडला की त्याच्या जागी भरपाई म्हणून येई. दर खेपेला प्रिंटवर चार रेघा जास्त असत, त्यामुळे ॲरिझोनाच्या वाळवंटात बारमाही पाऊस पडतोय असं वाटे. पोहण्याच्या प्रसंगासाठी येणारा एक स्वतंत्र वर्ग होता. ज्यूली न्यूमार डोहात उतरली की बाल्कनीतले सभ्य गृहस्थ चष्मा पुसायला घेत. त्याबद्दल अधिक लिहीत नाही, कारण त्यांतले काही पुढे व्याही झाले. पण नुसत्या त्या डोहावर एखादा चित्रपट वीस वर्षं तगत नाही. डोह इतर चित्रपटांतही होते.

त्याचं उत्तर माझ्या मते आमच्या वाड्यातल्या सोनारकाकांपाशी होतं.

सोनारकाका म्हणजे खरोखरीचे सोनार. वाड्याच्या ओट्यावर त्यांची बागेसरी धगधगत असे. समोर मूस, हातात फुंकणी, आणि शेजारी काचेच्या पेटीत तो चिमुकला तराजू. पेटीचं दार उघडं असताना आम्ही पोरांनी जोरात श्वास सोडला तरी ते डोळे वटारत. आळीतल्या झाडून सगळ्या सुनांच्या पाटल्या, ठुश्या, बोरमाळा त्यांच्या हातच्या. कोणाच्या घरात किती तोळे आहेत हे त्यांना त्या घरातल्या कर्त्या पुरुषापेक्षा जास्त ठाऊक, पण त्यांनी तोंडातून एक गुंज बाहेर पडू दिली नाही.

१९६२ साली चीनशी युद्ध झालं. लोकांनी अंगावरचे दागिने उतरवून संरक्षण निधीला दिले, आमच्या आईने एक बांगडी दिली. आणि लगेच जानेवारी १९६३ मध्ये सोने नियंत्रण आलं. अर्थमंत्री मोरारजी देसाई. चौदा कॅरेटच्या वरचा दागिना घडवायचा नाही! चौदा कॅरेट म्हणजे शंभरात जेमतेम अठ्ठावन्न भाग सोनं, बाकी तांबं-चांदी. देशातलं सोन्याचं वेड कमी व्हावं, चोरटी आयात थांबावी, परकीय चलन वाचावं, असा सगळा शहाणा विचार त्यामागे होता. वेड काही कमी झालं नाही, सोनार कमी झाले. हजारो कारागिरांचे हात रिकामे झाले, आणि कित्येकांनी जीव दिल्याच्या बातम्या त्या वेळी वर्तमानपत्रांत येत. सोनारकाकांनी एक मंगळसूत्र चौदा कॅरेटमध्ये करून पाहिलं, कसोटीवर घासलं, रेघेकडे पाहिलं, आणि बागेसरीतले निखारे विझवून टाकले. “याला मी दागिना म्हणणार नाही,” म्हणाले.

चौदा कॅरेटचं बंधन १९६६ साली उठलं. पण १९६८ साली सोने नियंत्रणाचा रीतसर कायदाच झाला. सामान्य माणसाने घरात लगडी-विटा ठेवायच्या नाहीत, सोनाराने प्रमाणपत्र घ्यायचं, हिशेबाच्या वह्या ठेवायच्या, तपासनीस येईल तेव्हा उघडून दाखवायच्या. सोनारकाकांना वह्या ठेवण्याची सवय नव्हती, सगळा हिशेब डोक्यात. म्हणजे मॅकेनाच्या नकाशासारखाच म्हणा ना! ते तोवर रेशनच्या दुकानात साखर तोलायला लागले होते. माशा-गुंजेला सरावलेला हात. कार्डावरची साखर अशी तोलत की काटा मधोमध येऊन निश्चल उभा राही. एक दाणा इकडे नाही, एक दाणा तिकडे नाही. आळीतल्या बायका त्यांच्यापुढे रांग लावायला नाखूश असत. दुसरा तोलणारा निदान चुकून तरी जास्त घालील अशी आशा असे.

अशा देशात, अशा काळात, पडद्यावर ती दरी उघडली.

ज्यांनी पाहिलं नाही (असे कोणी असतील तर) त्यांच्यासाठी सांगतो. मार्शल मॅकेना, म्हणजे ग्रेगरी पेक, याने मरणाऱ्या म्हाताऱ्या अपाचीचा नकाशा एकदा पाहून जाळून टाकलेला आहे. त्याचा त्या सोन्यावर विश्वासही नाही. ओमर शरीफ हा कोलोरॅडो नावाचा मेक्सिकन डाकू. तो त्याला आणि एका न्यायाधीशाच्या मुलीला पकडून, वाट दाखव म्हणून पुढे घालतो. वाटेत झुलता पूल, नदी, तराफा, अपाची. आपल्याच शिपायांना मारून हिस्सेदार झालेला सार्जंट टिब्ज, म्हणजे टेली सव्हालस. आणि मग ती पहाट. वाळवंटात एक उंच सुळका. सूर्य वर येतो, सुळक्याची सावली जमिनीवरून सरपटत निघते, लांब होत जाते, समोरच्या कड्यावर एका फटीला बोट लावते. फटीतून आत गेलं की पलीकडे सगळा कडाच्या कडा पिवळाजर्द. लोक घोड्यांवरून उड्या टाकून धावतात, पाण्यात लोळतात, ओंजळी भरून घेतात.

“सावली लांब कशी होईल?” असं मास्तर म्हणाले. पुढच्या रांगेतल्या लोकांनी मागे वळून पाहिलं. “सूर्य वर येताना सावली आखूड होते. लांब होते ती संध्याकाळी. सातवीतला मुलगा सांगेल.” शास्त्राप्रमाणे त्यांचं तंतोतंत बरोबर होतं. पण त्या क्षणी टॉकीजमध्ये शास्त्राची बाजू घेणारा माणूस एकटा होता, आणि त्याला शेंगांची टरफलं लागली.

सोनारकाका त्याच रांगेत होते. आधी एकटे पाहून गेले होते, नंतर आम्हा पोरांना घेऊन आले, पुढे दर वेळी परत आले. त्यांची टीका निराळी. “एवढं सोनं आणि तराजू एकाकडे नाही!” हे पहिलं वाक्य. त्यांना टिब्जचा मनस्वी राग. तो घाईघाईने खोगिराच्या पिशव्यांत सोनं कोंबतो म्हणून. “तांब्याभर पाणी उचलतोस ना? तोच तांब्या सोन्याने भर आणि उचल. एक लिटरला एकोणीस किलोच्या वर जातं. घोडा काय पळणार, बसेल मटकन!” आणि ओमर शरीफने ओंजळ भरली की ते हळूच म्हणत, “अरे, कस तरी लाव.” हे ते पडद्यालाच सांगत. बाकी वेळ पाहात राहत. त्यांच्या मांडीवरचा हात मुठीतली फुंकणी फिरवावी तसा फिरत असे. मी ओमर शरीफकडे पाहायच्याऐवजी पुष्कळदा त्या हाताकडे पाहिलं आहे.

माझा सिद्धान्त असा की, सोन्यावर पहारा बसलेल्या देशाला त्या दरीत पाच-सात मिनिटं मोकळं सोडलं होतं, आणि कुठल्याही तपासनिसाला तिथे यायला वाट नव्हती. यावर आमचे वकीलसाहेब म्हणाले, “तसं असेल तर अमेरिकेतही चालायला हवा होता. तिथेही १९३३ सालापासून सामान्य माणसाला सोन्याच्या विटा नि नाणी बाळगायला बंदीच होती. ती उठली १९७४ च्या अखेरीला.” मुद्दा बिनतोड वाटतो, वकिलाचा आहे. पण रुझवेल्टसाहेबांनी अमेरिकन माणसाकडून घेतलं ते बँकेतलं आणि तिजोरीतलं सोनं. त्याच्या बायकोच्या पाटल्या हा त्याच्या अब्रूचा विषय नव्हता. मुलीचं लग्न किती तोळ्यांत करणार, असं त्याला आजवर कोणी विचारलेलं नाही. त्याला दरी दिसली, आपल्याला वर्षानुवर्षांचा खर्च भागताना दिसला.

शिवाय रशिया घ्या. १९७४ साली तिथे हा चित्रपट लागला आणि सहा कोटींहून जास्त तिकिटं खपली. परदेशी चित्रपटांत तिथे एवढी गर्दी फार थोड्यांच्या वाट्याला आली. त्या देशात खाजगी मालकी हाच शब्द हळू बोलायचा. भारत आणि रशिया मैत्रीचा करार १९७१ चा, त्यावर कितीतरी अभ्यासपूर्ण लेख निघाले. पण दोन्हीकडची जनता अंधारात बसून त्याच एका कड्याकडे डोळे लावून होती, याची दखल कुठल्या मुत्सद्द्याने घेतल्याचं दिसत नाही.

खजिन्याच्या गोष्टी आपल्याकडे काय कमी आहेत? पण आपला खजिना आटोपशीर. परसात हंडा, हंड्यावर नाग, नागाला हवा बळी, आणि एवढं करून तो दिसायचा कोणाला, तर पायाळू माणसाला. तोही डोळ्यांत अंजन घातल्यावर. आमच्या वाड्यातल्या विहिरीपाशी असा हंडा असल्याची बोलवा होती. चुलत्यांच्या वाटणीत विहीर कोणाकडे यावर अकरा वर्षं दावा चालला, त्यात हंड्याच्या किमतीइतका खर्च झाला असावा. मॅकेनाच्या सोन्यात हे काही नाही. भाऊबंद नाहीत, वाटणी नाही. वाटेकरी होते ते एकमेकांना मारून मोकळे झाले.

आणि शेवट! शेवटासाठी मी कार्ल फोरमनला मनोमन नारळ दिलेला आहे. अपाची येतात, कडा हादरतो, दरी कोसळते, सगळं सोनं पुन्हा डोंगराच्या पोटात. वाचतात ते कोलोरॅडो, मॅकेना आणि ती मुलगी. मॅकेना घाईत जो घोडा हाताला लागतो त्यावर बसून निघतो. तो घोडा मेलेल्या टिब्जचा. पिशव्या सोन्याने टच्च भरलेल्या, आणि मॅकेनाला पत्ताच नाही.

अहो, याहून मराठी मध्यमवर्गीय शेवट कोणी लिहिला असेल? हावऱ्यांचं वाटोळं झालं. ज्याने ‘मला सोनं नको’ म्हटलं, त्याच्याच घोड्यावर दोन पिशव्या. आपले वरपिते दुसरं काय म्हणतात? ‘आमची काही मागणी नाही, तुम्ही तुमच्या मुलीला काय घालाल ते.’ मॅकेना म्हणजे शंभर टक्के निरपेक्ष वरपक्ष! खेळ सुटल्यावर दारात बायका हमखास एकच चर्चा करत, की घरी गेल्यावर पिशवी आधी कोण उघडेल, तो की ती. मतभेद नसे. ती.

नंतरच्या काळात या धर्तीचे पुष्कळ चित्रपट आले. याच चित्रपटाच्या चित्रीकरणाच्या वेळी, १९६७ साली, फोरमनने काही विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देऊन तिथे बोलावलं होतं. त्यांतल्या एका पोराने मुख्य चित्रीकरणाकडे पाठ फिरवून वाळवंटावरच एक छोटा लघुपट केला. त्याचं नाव जॉर्ज लुकस. १९८१ साली त्याने स्पीलबर्गकडून ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ करवून घेतला, त्यात काठीच्या टोकावरच्या स्फटिकातून सूर्याचा किरण येतो आणि खजिन्याची जागा दाखवतो. मी काही म्हणत नाही. सावलीऐवजी उजेड घेतला, एवढंच नोंदवून ठेवतो. तो चित्रपट उत्तम आहे, वेगवान आहे. पण त्यातलं सोनं म्युझियममध्ये ठेवायचं असतं. आमच्या आळीतून म्युझियमसाठी कोणी जीव धोक्यात घातला नसता.

तो सुळका आजही जागेवर आहे. ॲरिझोनात, कॅन्यन द शे नावाच्या दरीत. उंची सुमारे ८०० फूट, खरं नाव स्पायडर रॉक. ती भूमी नव्हाहो लोकांची. त्यांच्या परंपरेत सुळक्याच्या माथ्यावर कोळी-स्त्री राहते, तिने माणसांना विणायला शिकवलं. म्हणजे मूळ मालकिणीचा व्यवसाय विणकामाचा, सोन्याशी संबंध नाही. माझा भाचा नोकरीनिमित्त त्या बाजूला होता. त्याने वरच्या कड्यावरून काढलेला फोटो पाठवला. मी ताबडतोब विचारलं, पहाटे गेला होतास का? “नाही मामा, पहाटे फार थंडी असते. दुपारी गेलो. सावली अगदीच आखूड होती.” मास्तर असते तर त्यांनी त्याला जवळ घेतलं असतं.

सोने नियंत्रण कायदा १९९० साली रद्द झाला. सोनारकाकांना बातमी मी वाचून दाखवली. त्यांचे डोळे अधू झाले होते. “बरं झालं,” म्हणाले, आणि औषधाची वेळ विचारली. मुलाने घड्याळदुरुस्तीचं दुकान काढलेलं. बागेसरीचा उपयोग सूनबाई तुळशीचं रोप लावायला करत होत्या.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आम्ही व्हीसीआर भाड्याने आणला. त्या वेळी तशी पद्धतच होती. एका रात्रीचे पैसे भरायचे आणि तीन चित्रपट वसूल करायचे. पोरांनी दोन आणले होते, तिसरी कॅसेट मी आणली. सोनारकाकांना खुर्चीत, टीव्हीपासून हातभर अंतरावर बसवलं. गिधाड उडालं, म्हातारा मेला, पूल झुलला, ते काही बोलले नाहीत. सूर्य उगवला, सावली निघाली, फट आली, आणि दरी उघडली.

“थांबव,” म्हणाले.

मी बटण दाबलं. चित्र पडद्यावर थरथरत उभं राहिलं. ते खुर्चीतून पुढे वाकले, चष्मा कपाळावर सरकवला, आणि नाक काचेला लागेल इतक्या जवळून त्या पिवळ्या कड्याकडे पाहात राहिले. बराच वेळ. मग मागे टेकले.

“चालू कर. चौदा कॅरेट आहे.”